पावना खांब

मी घर सोडलं त्या दिवशी आमच्या घरावर छप्पर नव्हतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. वैशाखात आमच्याकडे शाकारणी असते. पावसाआधी सगळी कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कौलांखालच्या किडलेल्या रिपा बदलायच्या आणि कौलं पुन्हा चढवायची. हे काम सावडीनं होतं, म्हणजे आज अख्खी आळी आमच्या छपरावर, उद्या आमचे बाबा दुसऱ्याच्या छपरावर. त्या दिवशी आमची पाळी होती, आणि नेमकं दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाशिंदच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात हजर व्हायचं होतं.

अंगणात कौलं हातोहात पुढे देणाऱ्या बायकांची रांग लागली होती. आई त्याच रांगेत. तिच्या दोन्ही हातांत कौलं, त्यामुळे मला जवळ घेणंही तिला जमेना. तिनं नुसता कोपरानं माझा खांदा ढोसला आणि कौलं पुढे दिली. बाबा वर आढ्याशी बसले होते. मी खालून ओरडले, "बाबा, निघते." ते उतरले नाहीत. उतरले असते तर त्यांना रडू फुटलं असतं, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र राग आला. वरूनच म्हणाले, "जा तू बिनघोर. घर काय कुठं पलून जात नाय."

मी दहावी पास, एकोणीस वर्षांची, हातात एक पिशवी. फाट्यापर्यंत अर्धा तास चालत गेले, टोकावड्याहून येणारी एसटी पकडली, मुरबाड, कल्याण, तिथून वाशिंद. नव्वदीची सुरुवात होती. लग्नाआधी नोकरीसाठी एकटी बाहेर पडलेली आमच्या गावातली मी पहिली मुलगी. हे मी अजूनही चारचौघांत सांगते, आणि माझी पोरं डोळे फिरवतात.

हे लिहितेय ते तुमच्यासाठी, जे गावातच राहिलात आणि दर वैशाखात छपरावर चढलात. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे कल्याणला, भिवंडीला, मस्कतला गेलात. आपल्यातल्या प्रत्येकाचं कुठेतरी एक बंद घर आहे. कधी ना कधी ते विकायची वेळ येते, आणि मग डोक्यात एकच भुंगा: आधी डागडुजी करायची, की आहे तसं देऊन टाकायचं? मी डागडुजी करून हात पोळून घेतलेत. तेव्हा चार शब्द ऐकून घ्या.

वाशिंदला सुरुवातीला आम्ही तीन मुली एका खोलीत राहायचो. शिफ्ट, पास, ओव्हरटाइम हे शब्द महिन्याभरात तोंडात बसले. तिसऱ्या वर्षी त्याच कारखान्यातल्या फिटरशी लग्न झालं. स्टेशनपासून दहा मिनिटांवर नवी बिल्डिंग उठत होती, तिच्यात आम्ही खोली-किचन घेतलं. गावाला जाणं मग दिवाळी आणि मे महिन्यापुरतं उरलं. धाकटा भाऊ दत्ता एसी दुरुस्ती शिकून मस्कतला गेला. बाबा गेले. आई दोन पावसाळे त्या घरात एकटी राहिली. दुसऱ्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि चार दिवस आम्हाला पत्ताच नाही. पाचव्या दिवशी चुलतभावाचा फोन आला, तशी मी गेले आणि तिला घेऊनच आले. घराला कुलूप घातलं. किल्ली तिनं पदराच्या टोकाला बांधली.

आई माझ्याकडे आली खरी, पण माझ्या घरात राहिली नाही. म्हणजे असायची तिथेच, पण पाहुणीसारखी. जावयाच्या घरी राहायचं म्हणजे तिला कानकोंडं व्हायचं. मी कामावरून आले की मला विचारायची, "सुमे, पानी घेऊ का गो?" स्वतःच्या लेकीच्या घरात, माठाशेजारी उभी राहून, पाणी घेऊ का म्हणून! मी चिडायचे. म्हणायचे, हे तुझंच घर आहे. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. अशी पाच वर्षं गेली. शेजारणीशी बोलताना ती एकदाही "आमच्या घरी" म्हणाली नाही. "सुमनच्या बिऱ्हाडी" म्हणायची.

तिचं घर गावाला होतं. नऊ सागवानी खांब, कारवीच्या कुडाच्या भिंती, वर शेणमाती, मंगलोरी कौलं. माजघराच्या मधोमध जो एकटा खांब होता त्याला आमच्या घरात "पावना" म्हणत. पावना म्हणजे पाहुणा. शेतातलं नवं भात घरात आलं की पहिल्या शिजवलेल्या भाताचा पहिला घास त्या खांबाला लावायचा, मग माणसांनी जेवायचं. का, ते कुणाला माहीत नव्हतं. लहानपणी मी विचारलं तर आई म्हणाली, "माजी सासू लावायची म्हनून मी लावते. खा गप."

बंद घर कसं खचतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सावडीत आपण दुसऱ्याच्या छपरावर चढलो तर कुणी आपल्या छपरावर चढणार. आम्ही कुणाकडे गेलो नाही, मग आमच्याकडे कोण येणार? गावाचं त्यात काहीच चुकलं नाही. शाकारणी चुकली, कौलं सरकली, आणि चौथ्या पावसाळ्यात मागची भिंत खाली बसली. मी दत्ताला फोन केला. तो तिकडून म्हणाला, "ताई, जसं हाय तसं इकून टाक. आनखी दोन पावसालं गेलं ना, तर इकायला पन काय उरायचं नाय."

खरं होतं ते. माझाही त्यात स्वार्थ होता, तो लपवत नाही. आमच्या शेजारची खोली विकायला निघाली होती. ती घेतली असती तर आईला स्वतःची जागा झाली असती, किचनमध्ये अंथरूण घालावं लागलं नसतं. घर विकलं गेलं तरच ते जमणार होतं. मी आईला सांगितलं. ती बराच वेळ पदराची किल्ली चाळवत बसली. मग म्हणाली, "इक. पन उभं घर इक. मोडून इकलंस तर मी आंगठा नाय देनार."

तिची भीती मला कळत होती. आमच्याकडे जुनं घर बहुतेक लाकडासाठीच जातं. कुणी हॉटेलवाला येतो, खांब उपटून ढाब्याला लावतो, बाकीचं चुलीत. तिला ते नको होतं. कुणी राहणारं माणूस हवं होतं, आणि घर जाग्यावर हवं होतं.

मग मी ठरवलं की दुरुस्त करूनच विकायचं. मुरबाडच्या एका एजंटनं माझ्या डोक्यात भरवलं की हल्ली कल्याण-डोंबिवलीची माणसं गावाकडे घरं शोधतात, फक्त घर "टापटीप" पाहिजे. दत्ता नको म्हणत होता, आई काहीच बोलत नव्हती, आणि मला वाटलं, बारा वर्षं मालाची पॅकिंग केलेल्या बाईला माल कसा दाखवायचा हे कुणी शिकवू नये. वाशिंदहून गवंडी नेला. गावातला नेला असता तर त्यानं माती कालवली असती; मला सिमेंट हवं होतं. मागची भिंत उभी केली, कुडावर कोंबड्यांची जाळी ठोकली आणि वर सिमेंटचा गिलावा. खांब खालून जुनाट दिसत होते म्हणून प्रत्येकाच्या पायाला हातभर उंच सिमेंटची पट्टी. पावन्यालासुद्धा. त्यावर रंग. रंग मी निवडला, गुलाबी.

शेजारची वहिनी बघायला आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गो सुमन, घराचं लगीन लावतंस का काय?"

मला फार आवडलं होतं ते घर तसं. फोटो काढून पाकीट भरून दत्ताला पाठवले.

कल्याणची दोन कुटुंबं गाडी घेऊन आली. एकानं विचारलं बाथरूम आत का नाही, दुसऱ्यानं विचारलं इथे रेंज येते का. चहा पिऊन गेली ती गेलीच. मग फेब्रुवारीत काळूराम आला. शहापूरकडचा, उंबरमाळीच्या बाजूचा, रेल्वेत रुळांच्या कामावर असलेला चाळिशीचा माणूस. त्याला घर हवं होतं, पण आपल्या गावात. जुनं सागवान घेऊन तिकडे उभं करायचं होतं. म्हणजे मोडूनच. आईनं तोंड फिरवलं. तरी मी म्हटलं, बघू तर दे त्याला.

त्यानं ना रंग बघितला, ना भिंती. सरळ माजघरात गेला, पावन्याला बोटाच्या पेरानं ठोकलं, कान लावला आणि मग उकिडवा बसला. सिमेंटच्या पट्टीवर हात ठेवून माझ्याकडे वर बघत म्हणाला, "ताई, पाय कशाला झाकलंत?"

मी म्हटलं, "चांगलं दिसावं म्हणून."

तो हसला नाही. म्हणाला, "खांबाची सगली गोस्ट त्याच्या पायात असते. वालवी तिथनं चढते, पानी तिथं मुरतं. आमी घर बघाया जातो तवा पयला पाय बघतो. तुमी तेच झाकलंत, मंग आमी काय समजायचं?" हात झटकून उठला. "नको ताई. राग नका मानू."

गेला तो. मी अंगणात उभी. माझ्या घरात वाळवी लपवली आहे असं एक परका माणूस माझ्या तोंडावर सांगून गेला, आणि त्याचं काही चुकलंही नव्हतं. गावात जन्मलेली मी, घर विकताना पाय उघडे ठेवायचे एवढंही मला आठवू नये? वहिनीला माहीत होतं, गवंडी गावचा असता तर त्यालाही माहीत असतं. दत्ताला मस्कतमध्ये बसून माहीत होतं. मी एकटीच विसरले होते. इतकी लाज मला कारखान्यातल्या पहिल्या दिवशीही वाटली नव्हती, आणि त्या दिवशी मी अख्खी पेटी उलटी चिकटवली होती.

आई माझ्याकडे बघत होती. वाटलं, आता हिला बरं वाटलं असेल, घर मोडायचं टळलं. पण ती म्हणाली, "आपल्या घराला वालवी बोलला त्यो." आणि तिचा आवाज फुटला. "तुज्या बापानं दर वरसाला हाती घासलंत हे खांब. वालवी बोलला!"

पुढच्या रविवारी आम्ही दोघी छिन्नी-हातोडा घेऊन गेलो. मीच लावलेला गिलावा मीच फोडला. आई शेजारी बसून ढलपे उचलून अंगणात टाकत होती. सिमेंटबरोबर खालची पिढ्यांची शेणमातीही निघाली, आणि आतलं लाकूड काळसर, कोरडं, टणक. नऊच्या नऊ खांब धड. एकालाही वाळवी नाही. फक्त प्रत्येकाच्या पायाशी छिन्नीच्या खाचा होत्या. एकावर एक, दुसऱ्यावर दोन, पावन्यावर फुली. मला वाटलं जुन्या सुतारानं काम बिघडवलंय. मनात म्हटलं, घ्या, आता हे एक निस्तरा.

काळूरामला निरोप धाडला: पाय उघडे केलेत, येऊन बघा. त्यानं आमचं घर मोडून नेणं आईला मान्य नव्हतंच, पण निदान आमच्या खांबांचं नाव तरी साफ व्हायला हवं होतं. तो आला, सोबत त्याच्या गावचा म्हातारा सुतार. सुतारानं पावन्यापाशी बैठक मारली, फुलीवरून बोट फिरवलं, मग शिडी लावून वर तुळईच्या सांध्यावरची काजळी पुसली. तिथेही फुली. दुसऱ्या खांबाकडे गेला: खाली दोन खाचा, वर दोन.

"हे घर याच्या आदी एकदा उतरलंय," तो शिडीवरूनच म्हणाला. "घर उतरवताना सुतार अशा खुना मारतो. परत उभं करताना जोडी चुकू नये म्हनून. जाग्यावर नवं बांदलेल्या घराला कोन कशाला खुना मारील? हे दुसरीकडनं आनलेलं हाय."

कुठून ते सांगता येईना. म्हातारा नुसता म्हणाला की लाकूड डोंगराकडचं दिसतं. आई उठून पावन्यापाशी गेली. फुलीवर तळवा टेकून उभी राहिली. मी तिला असं उभं राहिलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हंजे ह्यो खराच पावना," ती म्हणाली. आणि मग हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. "पावन्याला आदी वाढायचं, म्हनून पयला घास. सासूला ठावं नवतं, मला ठावं नवतं. नुसतं आपलं लावत बसलो गो."

मग डोळे पुसून तिनं काळूरामला विचारलं, "तुमच्यात नवं करतात का?"

"करतात ना मावशी."

"मंग नव्याचा पयला घास ह्याला द्याल?"

काळूराम खांबाकडे बघत म्हणाला, "देऊ. नाव काय बोललीस? पावना? आमी बी तेच म्हनू."

"मंग न्या," आई म्हणाली. तिथल्या तिथे पदराची गाठ सोडून तिनं किल्ली त्याच्या हातात दिली. त्याला किल्लीचा काय उपयोग, दार तर तो खांद्यावर घालून नेणार होता. पण त्यानं ती खिशात ठेवली.

सागवान हलवायला वनखात्याचा पास लागतो, तो निघायला दीड महिना गेला आणि घर उतरवायचा दिवस वैशाखातच आला. आमची पाच वर्षं सावड चुकलेली, तरी सगळी आळी आली. कुणाला बोलवावं लागलं नाही. कौलं हातोहात द्यायला रांग लागली आणि मी त्या रांगेत उभी राहिले, आईच्या शेजारी. पहिलं कौल हातात आलं तेव्हा मला बाबा वर बसलेले दिसले आणि रडू आलं. हातात कौलं असल्यावर डोळे पुसता येत नाहीत. आईनं कोपरानं माझा खांदा ढोसला. रांग थांबली नाही, मीही थांबले नाही.

नव्या खुणा माराव्या लागल्या नाहीत, जुन्याच चालल्या. तिसऱ्या दिवशी नऊ खांब, तुळया, दारं, सगळं टेम्पोत चढलं आणि मुरबाडच्या दिशेनं गेलं, ज्या रस्त्यानं मी गेले होते त्याच रस्त्यानं. मागे जोतं राहिलं. त्यावर आता चुलतभाऊ भात झोडतो, म्हणतो असं खळं पंचक्रोशीत नाही. दत्ताला फोन केला तर तो ओरडला, "घर नेलं म्हंजे? कुठं नेलं?" त्याला समजावता समजावता फोनचं कार्ड संपलं.

तर डागडुजीचं माझं म्हणणं असं. राहायचं असेल तर डागडुजी करा, दर वर्षी करा, स्वतः छपरावर चढा. विकायचं असेल तर पाय उघडे ठेवा. घेणाऱ्याला लाकूड कळतं, आणि ज्याला कळत नाही तो रेंज विचारून निघून जातो. आणि गुलाबी रंग देऊ नका.

शेजारची खोली आम्ही घेतली. मधली भिंत फोडली, तसा दोन खोल्यांच्या मध्ये बिल्डिंगचा सिमेंटचा कॉलम उघडा पडला. तो काढता येत नाही, वरचे तीन मजले त्याच्यावर. मला तो डोळ्यांत खुपायचा. त्याला टाइल्स लावून झाकून टाकू असं मी म्हणत होते.

दिवाळीनंतर काळूराम स्टेशनवरून चालत आला, खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी. म्हणाला, "मावशी, पावन्याला घास दिला. पोरांनीच लावला." चहा प्यायला, बूट घातले आणि ड्युटीवर गेला. आईनं दुसऱ्या दिवशी तो तांदूळ शिजवला. मी सेकंड शिफ्टला जायच्या गडबडीत डबा भरत होते. वळून पाहिलं तर कॉलमवर, आईच्या खांद्याच्या उंचीवर, पांढऱ्या रंगावर भाताची चार शितं चिकटलेली. खाली एक ओघळ.

मी सवयीनं फडकं घेऊन पुढे झाले.

"ऱ्हाऊ दे गो," आई किचनमधून म्हणाली. "आनि त्याला टाइल नको लावू. पाय उघडा असू दे त्याचा."

मग माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला, पेला बुडवल्याचा आवाज आला. पाणी घेऊ का म्हणून तिनं विचारलं नाही. मी फडकं ओट्यावर ठेवलं, डबा उचलला आणि कामावर गेले.